दहा मिनिटांचा हिशेब

सिंहगड चढताना दम लागतो, पण मांड्यांचा खरा कस लागतो तो उतरताना. ते कळतं दुसऱ्या दिवशी, घराच्या जिन्याची पहिली पायरी उतरताना. आमच्या रविवारच्या गटात त्यावर एकच उपाय सांगितला जाई. आतकरवाडीला उतरलं की तिथेच दहा मिनिटं स्ट्रेचिंग करायचं, नाहीतर उद्या पाय आखडतील. मी अनेक वर्षं हे निष्ठेनं केलं. पाय तरीही आखडत. मग वाटे, आपणच ताण नीट दिला नसेल.

हा सल्ला कुठून आला आणि तो तपासताना पुढे काय घडलं, याचा मागोवा घेतल्यावर माझ्या मनातली ती बोच गेली.

व्यायामानंतरच्या दुखण्याचा अभ्यास तसा जुना. १९०२ मध्ये अमेरिकेत थिओडोर हफ यांनी बोटांच्या स्नायूंवर प्रयोग केले आणि दुसऱ्या दिवशी ठणकणारं दुखणं स्नायूच्या आतल्या बारीक इजेमुळे असावं, असं मांडलं. हा विचार मग बराच काळ मागे पडला. १९६१ मध्ये हर्बर्ट डी व्रीस यांनी वेगळी उपपत्ती पुढे आणली. व्यायामाने स्नायूतला रक्तपुरवठा कमी पडतो, त्यामुळे दुखतं, दुखल्यामुळे स्नायू आकसतो आणि आकसल्यामुळे रक्त आणखी कमी मिळतं. हे चक्र तोडायचं तर स्नायू सावकाश ताणून धरायचा. समजायला सोपी आणि करायला बिनखर्चाची अशी ही गोष्ट होती. ती पसरली यात नवल नाही.

सत्तरच्या दशकात अमेरिकेत धावण्याची लाट आली. बॉब अँडरसन यांनी १९७५ मध्ये स्वतःच काढलेलं ‘स्ट्रेचिंग’ हे पुस्तक १९८० मध्ये नव्याने प्रकाशित झालं आणि घरोघरी पोचलं. त्यातली चित्रं त्यांच्या पत्नी जीन यांची. आपल्याकडे जिम वाढल्या, २००४ मध्ये मुंबई मॅरेथॉन सुरू झाली, धावणाऱ्यांचे गट उभे राहिले आणि त्यांच्याबरोबर हा सल्लाही रुळला. त्याला एक पुस्तीही जोडली गेली: स्नायूंत लॅक्टिक ॲसिड साचतं, ते ताणल्याने निघून जातं. प्रत्यक्षात व्यायाम थांबल्यावर ते साधारण तासाभरात आपोआप पूर्वपातळीवर येतं. दुखणं मात्र एक ते तीन दिवसांनी टोकाला जातं. वेळांचाच मेळ बसत नाही.

दरम्यान प्रयोगशाळेत डी व्रीस यांच्या चक्राचा पायाच डळमळला होता. आकसलेल्या दुखऱ्या स्नायूंत जी वाढीव विद्युत हालचाल दिसायला हवी, ती इतर संशोधकांना सापडत नव्हती. मग १९८१ मध्ये स्वीडनमध्ये यान फ्रिडेन आणि सहकाऱ्यांनी लोकांना पुन्हा पुन्हा जिना उतरायला लावला आणि त्यांच्या दुखऱ्या स्नायूचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. स्नायूच्या तंतूंची आखीव रचना जागोजागी विस्कटलेली होती. हफ यांचा जुना अंदाज पुन्हा उभा राहिला. उतरताना मांडीचा स्नायू शरीराला ब्रेक लावतो, म्हणजे लांबत असतानाच जोर लावतो, आणि हाच जोर तंतूंना महागात पडतो. गड उतरणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. उसवलेलं कापड आणखी ताणून शिवलं जात नाही, तसंच हे.

तरी उपपत्ती चुकली म्हणून उपाय चुकलाच, असं होत नाही. उपायाची परीक्षा माणसांवरच घ्यावी लागते. २००२ मध्ये रॉब हर्बर्ट आणि मायकेल गॅब्रिएल यांनी तोवरचे अभ्यास एकत्र केले, तेव्हा दुखण्यावरचे पाचच हाती लागले आणि तेही मोजक्या माणसांवरचे. फरक दिसला तो शंभरपैकी एका गुणाच्या आसपास. २०१० मध्ये नॉर्वे आणि ऑस्ट्रेलियातली मोठी चाचणी आली. तिच्यात २,३७७ प्रौढ होते. अर्ध्यांनी बारा आठवडे व्यायामाआधी आणि नंतर स्ट्रेचिंग केलं, उरलेल्यांनी केलं नाही. एकूण दुखापती दोन्हीकडे सारख्याच निघाल्या. त्रासदायक दुखण्याची आठवड्यातली शक्यता मात्र शंभरात सुमारे ३२ वरून २५ वर आली. स्नायू आणि अस्थिबंधांच्या इजाही थोड्या कमी नोंदल्या गेल्या. हा फायदा नाकारायचं कारण नाही. पण आपण कोणत्या गटात आहोत हे प्रत्येकाला ठाऊक होतं आणि दुखणं स्वतःच सांगायचं होतं, हेही लक्षात ठेवायला हवं. पुढच्याच वर्षी बारा अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला. त्याचा निष्कर्ष असा, की आधी ताणा वा नंतर, दुखण्यात जाणवेल असा फरक पडत नाही. २०२१ मध्ये जोझे आफोन्सो आणि सहकाऱ्यांनी केवळ व्यायामानंतरच्या स्ट्रेचिंगवरच्या ११ चाचण्या तपासल्या. नुसतं स्वस्थ बसून राहण्यापेक्षा ते सरस ठरल्याचं दिसलं नाही.

मग स्ट्रेचिंग सोडायचं का? माझं उत्तर: ज्यासाठी ते उपयोगी आहे, त्यासाठी करावं. आठवडेच्या आठवडे नेमानं केलं तर सांध्याची हालचाल वाढते. सुरुवातीची वाढ बरीचशी ताण सोसण्याची सवय झाल्यामुळे असते, पण वाढते हे खरं. ज्यांना जमिनीवर मांडी घालून बसायचंय, ज्यांचा खांदा वर जात नाही, जे नृत्य किंवा योगासनं करतात, त्यांच्यासाठी तो वेळ सत्कारणी लागतो. कुणाला ती दहा मिनिटं शांतपणे श्वास घेण्याची वाटत असतील, तर तेही पुरेसं कारण आहे.

पण वेळ थोडा असेल, तर हिशेब मांडावा. आठवड्यातून सहा दिवस रोज दहा मिनिटं म्हणजे वर्षाला ५२ तास. नोकरी, घर, मुलं सांभाळून व्यायामाला पाऊण तास काढणाऱ्या बाईला ‘स्ट्रेचिंग नाही केलंस तर व्यायाम वाया’ असं कुणी सांगितलं, की मला वाईट वाटतं. तो व्यायाम वाया जात नाही. ती दहा मिनिटं तिने चालण्यात, वजन उचलण्यात किंवा झोपेत घालवली, तरी तिचं काही बुडत नाही.

दुखण्यावर सगळ्यात भरवशाचा उपाय मात्र शरीर स्वतःच शिकतं. तोच व्यायाम काही दिवसांनी पुन्हा केला की स्नायू कमी दुखतो आणि हे संरक्षण कित्येक आठवडे टिकतं. पहिल्यांदा थोडं करावं आणि मग हळूहळू वाढवावं. म्हणून गटात नवीन आलेल्यांना मी आता स्ट्रेचिंगची ताकीद देत नाही. पहिल्या रविवारी अर्ध्या वाटेवरूनच परत फिरा, असं सांगतो. आणि पुढच्या रविवारी नक्की या.