ढग नसताना चढणारी नदी
घाटाखालचं पाणी : लेखांक ६

वसंतात नद्यांना पूर येतो, हे युरोपातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. डोंगरावरचं बर्फ वितळतं आणि नद्या फुगतात. कर्जत-खालापुरात बर्फ दिसतं ते मासळीच्या पेटीत. तरीही होळी होऊन गेल्यावर, आभाळात ढगाचा ठिपका नसताना, पेज नदीचं पाणी चढतं. काही तासांनी उतरतं, पुन्हा चढतं. काठच्या गावांना त्याचं नवल नाही. ‘टाटाचं पाणी सुटलं’ एवढं म्हणून माणसं कामाला लागतात.

हे पाणी मुळात या खोऱ्यातलं नव्हेच. घाटमाथ्यापलीकडे, मावळात, आंध्रा नदीवर ठोकरवाडीचं धरण आहे. तिथलं पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून मोठमोठ्या नळांतून सुमारे अर्धा किलोमीटर खाली उतरवतात. पायथ्याला टाटांचं भिवपुरीचं वीजघर १९२२ पासून त्यावर चालतं. (मुंबईहून येताना कर्जतच्या आधी लागतं ते भिवपुरी रोड स्थानक. वीजघर शोधत तिथे उतरणाऱ्याची फसगत ठरलेली.) जनित्रं फिरवून मोकळं झालेलं पाणी पेजेत येतं आणि पुढे उल्हासला मिळतं. खालापूर तालुक्यात हीच गोष्ट सात वर्षं आधी घडली होती. लोणावळा, वळवण, शिरवता या तलावांचं पाणी १९१५ साली खोपोलीच्या वीजघरात उतरलं आणि पाताळगंगा बारमाही झाली.

एरवी इंद्रायणी, भीमा, कृष्णा असा प्रवास करत बंगालच्या उपसागराला गेलं असतं ते पाणी. आता एक वाटा वसईच्या खाडीकडे जातो, दुसरा धरमतरकडे.

याचा अर्थ असा की, उन्हाळ्यात या नद्यांचा तोल पावसापेक्षा विजेच्या मागणीवर ठरतो. जलविद्युत जनित्र चटकन सुरू करता येतं, चटकन थांबवता येतं. त्यामुळे मागणी वाढेल तेव्हा ते फिरवायचं, हा साधा हिशेब. मुंबईत वैशाखातल्या दुपारी वातानुकूलन यंत्रं घरघरू लागतात आणि इकडे एखाद्या खडकाचा माथा पाण्याखाली जातो. रोह्याजवळ कोलाडला कुंडलिकेत पर्यटक रबरी होड्या हाकतात, त्यांची वेळही भिऱ्याच्या वीजघरातून येणाऱ्या पाण्यावर ठरते. तिथे निदान त्या वेळेचा बाजार झाला आहे. पेजेच्या डोहात शनिवारी-रविवारी उतरणाऱ्या पाहुण्याला मात्र पाणी घोट्याएवढं दिसतं आणि तो निर्धास्त होतो. कोरड्या दगडावरची ओली रेघ गावातल्या माणसाला बरोबर दिसते. पाहुण्याला ती दिसत नाही. पुराच्या नकाशात निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते, तांबडी १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. या रोजच्या चढउताराला रंग नाही.

आषाढ लागला की कारभार पुन्हा ढगांच्या हाती. पहिल्या लोंढ्याबरोबर मासे उलटे चढू लागतात. वलगणीच्या त्या माशांसाठी रात्री बॅटऱ्या घेऊन शेतांच्या बांधावर गर्दी होते. पुढचा पाऊस मात्र थट्टेचा नसतो. उल्हास उगमापासून खाडीपर्यंत जेमतेम १२० किलोमीटरची. राजमाचीच्या उतारावर कोसळलेलं पाणी काही तासांत कर्जत, नेरळ ओलांडून बदलापूरला धडकतं. २००५ च्या २६ जुलैला ते कळलं. २०१९ च्या जुलैत तर मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान उल्हासच्या पुरात अडकली. रात्र डब्यांत काढलेल्या हजारभर प्रवाशांना दुसऱ्या दिवशी बाहेर काढलं. त्याच लोहमार्गावर एप्रिलमध्ये खिडकीशी बसलेल्या माणसाला ही नदी म्हणजे खडकांची रांग वाटते.

परक्या पाण्याने घडवलेली सगळ्यांत ठळक गोष्ट मात्र पुराची नाही, हिरव्या रंगाची आहे. पेजेचं पाणी राजनाल्यात वळवलं जातं आणि त्यावर कर्जत तालुक्यात उन्हाळी भात उभं राहतं. कोकणात एकच पीक घेऊन शेत गुरांना मोकळं सोडायची रीत. इथे मार्चमध्ये शेजारचा माळ करपलेला असताना कालव्याखालची खाचरं हिरवी असतात. उन्हाळ्यात उल्हासच्या काठची शहरं पिण्याचं पाणी उचलतात, त्यातही या पाण्याचा हिस्सा असतो.

म्हणूनच घाटावर दुष्काळ पडला की खाली कान टवकारले जातात. भीमेच्या खोऱ्यातून, विशेषतः सोलापूरकडून, हे पाणी पूर्वेला परत वळवा अशी मागणी होते. ती गैर म्हणता येत नाही. पाणी त्यांच्याच डोंगरांवर पडलेलं असतं. पण शंभर वर्षांत खाली त्याच्या भरवशावर कालवा, पिकं आणि नळयोजना उभ्या राहिल्या, त्यांचं काय, याचं उत्तर मागणाऱ्यांकडेही नसतं. राजनाल्याच्या काठाकाठाने पुढच्या आठवड्यात.