कारागिराचे चित्र आणि कारागिराचे नाव

कामात मग्न असलेल्या कारागिराचे रेखाटन हे केवळ व्यक्तिचित्र नसते. हत्यार कसे धरावे, पायाने काम कसे दाबून ठेवावे, नजर कोठे खिळवावी, या गोष्टी ग्रंथांत क्वचितच लिहिल्या जातात. चित्रात मात्र त्या टिकून राहतात. अशा चित्राकडे कलाकृती म्हणून पाहताना त्यातील ज्ञानाकडेही लक्ष दिले पाहिजे.

या परंपरेतील एक महत्त्वाचे नाव जॉन लॉकवुड किपलिंग यांचे. १८६५ साली ते मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिल्पकलेचे अध्यापक म्हणून आले. १८७० मध्ये सरकारच्या सांगण्यावरून त्यांनी उत्तर भारतात हिंडून कारागिरांची रेखाटने केली. ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जतन केलेली आहेत. सिमल्याचा लाकूड कोरणारा कारागीर हे त्यांपैकीच एक. पुढे त्याच कलाशाळेत शिकून तेथेच अध्यापक झालेले कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७-१९४४) यांनी मुंबईच्या रस्त्यांवरील सामान्य माणसांना आपल्या चित्रांत व पोस्टकार्डांत स्थान दिले.

तथापि अशा चित्रांत एक उणीव राहून गेली आहे. त्यांखाली बहुधा विणकर, कुंभार, भिस्ती अशी धंद्याची नावे असतात. माणसाचे नाव नसते. हात दिसतो, हाताचा धनी मात्र अनामिक राहतो.

ही उणीव आपल्यालाही परकी नाही. बुऱ्हाणपूरच्या जरीच्या वस्त्रांची कीर्ती सतराव्या शतकात तावेर्निये या फ्रेंच प्रवाशानेही नोंदविली. चांदीची कांब पोलादी पट्टीच्या उत्तरोत्तर बारीक होत जाणाऱ्या छिद्रांतून ओढायची, तार चपटी करायची आणि ती रेशमी धाग्यावर गुंडाळायची, हे सारे काम बोटांच्या जाणिवेवर चाले. वस्त्राची कीर्ती उरली; पण तार ओढणाऱ्या किती जणांची नावे आपणांस सांगता येतील?

चांदनीच्या परिसरातील नेपा कागद गिरणी १९५६ साली पंडित नेहरूंच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाली. सलई आणि बांबू यांपासून येथे वर्तमानपत्राचा कागद तयार झाला. ज्या गावाने देशाला कागद पुरविला, त्या गावातील मुलांनी आपल्या लोहार, सुतार, विणकर शेजाऱ्यांची चित्रे काढावीत. हत्याराला कारागीर काय म्हणतो ते विचारून टिपावे, चित्राखाली तारीख घालावी. आणि सर्वांत आधी, त्याला विचारून, त्याचे नाव लिहावे.