रेसच्या बाइकला कोणते ऑइल?

रेसच्या बाइकमध्ये कोणते ऑइल घालावे, असे विचारले की साधारण दोन उत्तरे ऐकू येतात. महागातले महाग घाला. किंवा आपल्याकडे ऊन फार, तेव्हा घट्टातले घट्ट घाला. दोन्हींमागे गाडीची काळजीच असते, पण दोन्हींमध्ये त्या इंजिनाचा विचार कुठेच नसतो. ऑइल हा इंजिनाचाच एक भाग आहे, फक्त पातळ रूपातला आणि सतत झिजणारा. पिस्टन किंवा बेअरिंग जसे मापाने निवडतो तसेच ऑइलही मापानेच निवडायला हवे. त्याला लागणारी मापे म्हणजे क्लचचा प्रकार, शर्यतीच्या शेवटच्या फेऱ्यांत ऑइलचे चढणारे तापमान आणि ते बदलण्याची मुदत. डब्याची किंमत आणि त्यावरचे नाव यांचा विचार त्यानंतर.

क्लचपासून सुरुवात करायची, कारण इथे चूक झाली तर बाकीचे सगळे वाया जाते. मोटारीत इंजिनाचे ऑइल वेगळे आणि गिअरबॉक्सचे वेगळे असते. चार-स्ट्रोक मोटरसायकलमध्ये मात्र बहुतेक वेळा एकच ऑइल क्रँकची बेअरिंगे आणि पिस्टन सांभाळते, गिअरचे दाते झिजू देत नाही आणि क्लचच्या प्लेटीही त्यातच बुडालेल्या असतात. पिस्टनला जे घर्षण नको, नेमक्या त्याच घर्षणावर क्लच चालतो. मोटारींच्या पातळ ऑइलमध्ये इंधन वाचावे म्हणून घर्षण कमी करणारी रसायने घालू लागले तेव्हा मोटरसायकलींचे क्लच स्लिप होण्याचा धोका उभा राहिला. म्हणून जपानमध्ये १९९८ साली जासो टी ९०३ हे मोटरसायकलच्या ऑइलचे स्वतंत्र मानक तयार झाले. त्यातली एमए ही श्रेणी ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचसाठी, एमए२ त्यातही जास्त पकड देणारी, आणि एमबी ही ज्या स्कूटरांचा क्लच ऑइलबाहेर असतो त्यांच्यासाठी. रेसमध्ये स्टार्टच्या क्षणी क्लचवर जो ताण येतो तो रस्त्यावर क्वचितच येतो, त्यामुळे बुडालेला क्लच असेल तर एमए२ सोडून दुसरीकडे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मोटारींच्या रेससाठी बनवलेले नामांकित ऑइल मोटरसायकलमध्ये चालेल का, या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. डब्यावर जासोची खूण नसेल तर ते ऑइल कितीही चांगले असो, आपल्या क्लचसाठी त्याची परीक्षा झालेली नाही.

यावर कोणी म्हणेल, की जगज्जेत्या संघाच्या गाडीवर ज्या कंपनीचे नाव आहे तिचे ऑइल घातले तर काय बिघडेल? कदाचित काहीच बिघडणार नाही, पण त्या नावावरून काही सिद्धही होत नाही. मोटोजीपीच्या गाड्यांचा क्लच कोरडा, म्हणजे इंजिनाच्या ऑइलबाहेर असतो. तिथल्या रसायनशास्त्रज्ञांना क्लचची चिंता न करता ऑइल बनवता येते, आणि तेही त्या एकाच इंजिनासाठी. दुकानातल्या डब्यातले ऑइल हजार प्रकारच्या गाड्यांत जाणार असते. नाव एक असले तरी दोन्ही द्रव एकच आहेत असे समजायला काही आधार नाही.

आता दाटपणा. १०डब्ल्यू-४० मधला डब्ल्यू लावलेला आकडा थंडीतल्या वागणुकीचा, आणि दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअसला ऑइल किती दाट राहते त्याचा. थंडीत खोबरेल थिजते आणि उन्हात पाण्यासारखे होते, तसाच पण सौम्य फरक इंजिन ऑइलमध्येही पडतो. १०डब्ल्यू-४० ऑइल ४० अंशांना जितके दाट असते त्याच्या साधारण सहा-सात पट पातळ ते १०० अंशांना होते. ४० या ग्रेडसाठी १०० अंशांना दाटपणा १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक या पट्ट्यात असावा लागतो. ३० साठी हा पट्टा ९.३ ते १२.५ चा आणि ५० साठी १६.३ ते २१.९ चा आहे. शिवाय १५० अंश तापमानात वेगाने घुसळले जात असताना ऑइल किती दाट राहते, याचीही वेगळी चाचणी असते. रेससाठी मला हीच चाचणी अधिक महत्त्वाची वाटते, कारण क्रँकच्या बेअरिंगमध्ये परिस्थिती तशीच असते. तिथे फिरता दांडा स्वतःच्या गतीने ऑइल ओढून घेतो आणि काही मायक्रॉन जाडीच्या थरावर तरंगत राहतो. ऑइल फार पातळ झाले तर थर फाटतो आणि धातूला धातू लागतो. फार घट्ट असेल तर ते ओढण्यात ताकद खर्च होते, आणि ती ताकद उष्णता होऊन त्याच ऑइलमध्ये उतरते. म्हणजे तापलेल्या इंजिनाला वाचवायला घातलेले घट्ट ऑइल त्याला आणखी तापवू शकते.

भारतातल्या उन्हाचा मुद्दा खोटा नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपी झाली तेव्हा उष्णतेमुळे मुख्य शर्यत २४ वरून २१ फेऱ्यांवर आणावी लागली होती. पण ती काळजी मुख्यतः चालकांच्या शरीराची होती. हवा २५ ऐवजी ३८ अंशांची असली की माणसाचे हाल होतात. शंभरीच्या पुढे गेलेल्या ऑइलला तो फरक जाणवतो, पण ग्रेड ठरवण्याइतका तो एकटा मोठा नसतो. याचा पुरावा आपल्या रस्त्यांवरच आहे. होंडा भारतातल्या आपल्या अनेक मोटरसायकलींसाठी १०डब्ल्यू-३० सांगते, आणि चाकणला तयार होणाऱ्या केटीएम ३९० साठी १५डब्ल्यू-५० सांगितले जाते. ऊन दोघींना एकच. फरक आहे तो इंजिनाच्या रचनेत, बेअरिंगमधल्या फटीत, पंपाच्या क्षमतेत आणि उष्णता बाहेर टाकण्याच्या व्यवस्थेत. म्हणून पुस्तिकेतला ग्रेड हा आरंभबिंदू मानावा आणि तिथून हलायचे ते तापमान मोजूनच. ड्रेन बोल्टमध्ये बसणारा तापमापक फार महाग नसतो. सरावाच्या शेवटच्या फेऱ्यांत ऑइल ९० ते ११५ अंशांच्या आसपास राहत असेल तर ग्रेड वाढवायचे कारण नाही. १३० च्या वर टिकून राहत असेल तर आधी ऑइल कूलर आणि वाऱ्याचा मार्ग पाहावा, आणि तरीही उतरत नसेल तर एक पायरी घट्ट ऑइल घ्यावे. उलट ते ८० च्या वर चढतच नसेल तर ऑइलमध्ये उतरलेले पेट्रोल आणि पाण्याची वाफ बाहेर पडत नाही, हेही वाईटच.

ताकदीसाठी शक्य तितके पातळ ऑइल घालावे, असे म्हणणारेही आहेत. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, विशेषतः सगळ्यांच्या गाड्या एकसारख्या असतात त्या शर्यतींत. पण लाभ थोडा असतो, आणि बेअरिंग गेले तर संपूर्ण हंगाम जाऊ शकतो. एक पायरी पातळ जायचे तर तापमानाबरोबर ऑइलचा दाबही मोजलेला हवा.

बदलण्याची मुदत हा भाग सर्वांत दुर्लक्षित राहतो. घट्ट आणि पातळ यांतले अंतर सांधण्यासाठी ऑइलमध्ये लांबलचक साखळ्यांची पॉलिमर घालतात. गिअरचे दाते या साखळ्या अक्षरशः तोडतात. गिअरबॉक्स इंजिनाच्याच ऑइलवर चालत असल्याने मोटरसायकलमध्ये हे मोटारीपेक्षा लवकर घडते. डब्यातून निघताना ४० असलेले ऑइल काही तासांच्या रेसिंगनंतर ३० च्या पट्ट्यात उतरू शकते. त्यात न जळलेले पेट्रोल मिसळते आणि ते आणखी पातळ होते. पूर्ण सिंथेटिक आहे, म्हणून जास्त टिकेल, हा युक्तिवाद इथेच तोकडा पडतो. सिंथेटिक बेस ऑइल उष्णतेला चांगले तोंड देते, त्यात पॉलिमरही कमी लागू शकतात, पण मिसळलेले पेट्रोल ते परत काढू शकत नाही.

रेसच्या ऑइलने फार दिवस टिकावे अशी अपेक्षा पूर्वीही नव्हती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शर्यतींच्या गाड्यांत एरंडेल सर्रास वापरले जाई. कॅस्ट्रॉल आर हे त्यातले गाजलेले नाव. तापलेल्या धातूला एरंडेल घट्ट चिकटून राहते आणि पेट्रोलमध्ये सहज मिसळत नाही, हे त्याचे मोठे गुण. दोष असा की उष्णतेने त्याचा डिंकासारखा थर साचतो, म्हणून इंजिन वारंवार उघडून साफ करावे लागे. ज्या एरंडाचे जगातले सर्वाधिक उत्पादन आज भारतात, मुख्यतः गुजरातेत होते, त्याच्या तेलाचे रेणू रासायनिकदृष्ट्या एस्टर आहेत, आणि आजच्या महागड्या रेसिंग ऑइलमध्येही एस्टरच असतात. धातूला धरून राहण्याचा गुण तोच, दोष पुष्कळ कमी. तरीही ही ऑइले थोड्या तासांच्या कडक वापरासाठी बनवलेली असतात, आणि काहींमध्ये काजळी व आम्ल सांभाळणारी रसायने मुद्दाम कमी ठेवलेली असतात.

म्हणून खर्चाचा हात आखडता असलेल्या स्थानिक रायडरने दुप्पट किमतीचे ऑइल दोन शर्यती चालवण्यापेक्षा योग्य ग्रेडचे, एमए२ खुणेचे मध्यम किमतीचे ऑइल प्रत्येक शर्यतीनंतर फिल्टरसह बदलावे. काढलेल्या ऑइलचा रंग फारसे काही सांगत नाही. फिल्टर कापून त्यात चकाकणारे कण आहेत का ते पाहावे. आणि जे रोज कामावर जायला बाइक वापरतात त्यांनी निव्वळ रेससाठी असलेले ऑइल घेऊच नये. महिनोन्महिने बदलले न जाणारे ऑइल वेगळ्या कामासाठी बनवलेले असते, आणि तुमच्या गाडीसाठी ते कोणते, हे तिच्या पुस्तिकेत लिहिलेले आहे.