गुलबर्ग्याचे एक न सुटलेले कोडे

रुग्णवाहिका थोड्या आणि गावे फार, ही अडचण सीमाभागाला नवी नाही. ती गणिताच्या भाषेत कशी मांडतात, ते पाहण्यासारखे आहे. बिदर, औराद, भालकी, हुमनाबाद, बसवकल्याण, कलबुर्गी आणि आळंद अशी सात ठिकाणे घ्यावीत. बिदरपासून औराद, भालकी व हुमनाबाद. हुमनाबादपासून बसवकल्याण व कलबुर्गी. आणि कलबुर्गीपासून आळंद, एवढेच सहा रस्ते मोजावेत. प्रत्यक्षात रस्ते अधिक आहेत, पण उदाहरणाला एवढे पुरेत. ठिकाणांचे बिंदू आणि रस्त्यांच्या रेषा केल्या की गणिती ज्याला आलेख म्हणतात तो तयार झाला.

आता प्रत्येक ठिकाणी गाडी असावी, नाही तर लगतच्या ठिकाणी तरी असावी, अशी अट घातली, तर किमान किती गाड्या लागतील? बिदर, हुमनाबाद व कलबुर्गी येथे मिळून तीन. दोनांत भागत नाही. अशा बिंदूंच्या समूहास प्रभुत्व-संच म्हणतात. कल्पना जुनी आहे. बुद्धिबळाच्या पटावर पाच वजीर सर्व घरांवर नजर ठेवू शकतात, हे एकोणिसाव्या शतकात ठाऊक होते. 1962 साली ऑयस्टीन ओरे यांनी आपल्या ग्रंथात या विषयास आजचे नाव दिले. एकही बिंदू एकाकी नसेल, तर लहानात लहान प्रभुत्व-संच बाजूला काढल्यावर उरलेल्या बिंदूंनाही सर्वांवर प्रभुत्व ठेवता येते, हेही ओरे यांनीच दाखविले.

म्हणजे पहिली फळी कोसळली तरी राखीव फळी उभी करता येते. पण ती केवढी लागेल? वरच्या नकाशात बिदर, हुमनाबाद व कलबुर्गी ही तिन्ही वगळली, तर औराद, भालकी, बसवकल्याण व आळंद या चारही ठिकाणी गाडी ठेवावीच लागते. कारण त्यांचा एकमेव शेजारी वगळलेला आहे. आता याच नकाशात परस्परांशी थेट न जोडलेली अशी जास्तीत जास्त किती ठिकाणे निवडता येतात? तीही चारच.

हा योगायोग की नियम? गुलबर्गा विद्यापीठातील व्ही. आर. कुल्ली यांनी सिगरकांती यांच्यासह 1991 साली या राखीव संचाची कल्पना मांडली. एकाकी बिंदू नसलेल्या कोणत्याही आलेखात राखीव संच परस्परांशी न जोडलेल्या बिंदूंच्या कमाल संख्येहून मोठा लागत नाही, असे त्यांचे विधान होते. सोबत सिद्धताही होती. परंतु पुढे इतरांनी ती तपासली तेव्हा ती टिकली नाही. विधान मात्र खोटे ठरविणारा एकही आलेख सापडला नाही, आणि सिद्धतेचे विधान अनुमान होऊन राहिले. शाळेतल्या पोरालाही आकृती काढून पडताळता येईल असे हे विधान परदेशांतील गणितींनाही हुलकावणी देत आले आहे. झाडासारख्या, म्हणजे कोठेही वेढा न पडणाऱ्या आलेखांत ते खरे ठरते. वरचा नकाशा त्याच जातीचा आहे. सर्वसाधारण आलेखांसाठी राखीव संच त्या कमाल संख्येच्या दीडपटीपलीकडे जात नाही, इथवर मजल गेली आहे. दीडपटीपासून एकपटीपर्यंतचे अंतर कापणे तेवढे बाकी आहे.