पीककर्ज नाकारले गेल्यास काय करावे?

मृगाचा पाऊस तोंडावर आला असता बियाणे व खते यांसाठी लागणारे कर्ज सोसायटीने अथवा बँकेने नाकारले, म्हणजे शेतकऱ्यापुढे बिकट प्रश्न उभा राहतो. पेरणी कोणासाठी थांबत नाही. वाफसा गेला की हंगाम गेला. अशा वेळी घाईघाईने सावकाराचे घर गाठले जाते आणि थोड्या रकमेपोटी जमिनीचे खरेदीखत करून दिले जाते. कर्ज न मिळाल्याने एका हंगामाचे नुकसान होते. परंतु नकारानंतरच्या आठ दिवसांत उचललेल्या अशा पावलाने पिढ्यान्पिढ्यांची जमीन जाते. म्हणून नकार मिळताच काय करावे, हे शेतकऱ्याने व गावपातळीवरील कार्यकर्त्याने नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

हा प्रश्न जुनाच आहे. अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीचा अहवाल १९५४ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार १९५१-५२ मध्ये शेतकऱ्यांनी घेतलेल्या कर्जापैकी सहकारी संस्थांचा वाटा अवघा ३ टक्क्यांच्या आसपास होता, तर सुमारे ७० टक्के कर्ज सावकारांचे होते. पुढे सोसायट्या व बँका गावोगाव पोहोचल्या आणि १९९८ पासून किसान क्रेडिट कार्डाची सोय झाली. आज अनेकदा अडचण असते ती संस्थेच्या अभावाची नव्हे, तर अपुऱ्या कागदाची किंवा चुकीच्या नोंदीची; आणि ती दूर करता येते.

कारण लेखी मागावे

‘साहेब नाही म्हणाले’ एवढ्यावर परत फिरू नये. कर्जाची मागणी नेहमी लेखी अर्जाने करावी व अर्जाची पोच घ्यावी. अर्ज नामंजूर झाल्यास त्याची प्रमुख कारणे अर्जदारास लेखी कळवावीत, असा रिझर्व्ह बँकेचा बँकांना दंडक आहे. कारण हाती आल्यावाचून उपाय सापडत नाही.

कारणाप्रमाणे उपाय

१. जमिनीच्या नोंदी : सातबारा मयत वडिलांच्या नावावर राहिला असल्यास वारसनोंदीचा अर्ज तलाठी कार्यालयात ताबडतोब द्यावा. फेरफाराच्या नोटिशीनंतर हरकतीसाठी १५ दिवसांची मुदत असते. म्हणून हे काम पेरणीच्या तोंडावर न ठेवता उन्हाळ्यातच उरकावे. जुने कर्ज फिटले असूनही इतर हक्कांत बोजा दिसत असल्यास संस्थेकडून बेबाकी दाखला घेऊन बोजा कमी करून घ्यावा. पीकपाहणीची नोंद झाली आहे किंवा नाही, हेही पाहावे.

२. थकबाकी : मागील कर्ज थकले असल्यास थकीत रकमेचा तपशीलवार उतारा मागावा. पीक नैसर्गिक आपत्तीमुळे बुडाले असेल आणि तशी घोषणा झाली असेल, तर कर्जाच्या पुनर्गठनाची सोय आपणांस लागू आहे काय, याची लेखी विचारणा करावी. दुसऱ्याला जामीन राहिल्यामुळेही नकार येतो. अशा वेळी मूळ कर्जदाराच्या खात्याची स्थिती पाहणे आवश्यक ठरते.

३. पतअहवालातील चूक : सिबिलसारख्या प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. फेडलेले कर्ज थकीत दिसणे किंवा दुसऱ्याचे कर्ज आपल्या नावे लागणे, अशा चुका आढळल्यास पावत्या जोडून दुरुस्तीची मागणी करावी. तक्रारीचे निवारण ३० दिवसांत न झाल्यास त्यापुढील प्रत्येक दिवसास १०० रुपये भरपाई देण्याचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू झाला आहे.

४. तारण अथवा जादा मागणी : शेतीकर्जासाठी २ लाख रुपयांपर्यंत बँकेने तारण मागू नये, असा आदेश १ जानेवारी २०२५ पासून अमलात आला. त्याचप्रमाणे प्रत्येक पिकासाठी कर्जाचा दर जिल्हा पातळीवर ठरलेला असतो. मागणी त्याहून अधिक असल्यास ती दराप्रमाणे करून नवा अर्ज द्यावा.

दाद कोठे मागावी

बँकेविषयीची तक्रार प्रथम त्याच बँकेच्या वरिष्ठ कार्यालयाकडे लेखी करावी. ३० दिवसांत उत्तर न आल्यास किंवा उत्तराने समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकासही प्रत द्यावी. मात्र एक गोष्ट ध्यानात असावी. कर्ज द्यावे की न द्यावे, हा निर्णय बँकेचा असतो. अर्ज न स्वीकारणे, पोच न देणे, कारण न कळवणे, विनाकारण विलंब लावणे, यांविरुद्ध दाद मागता येते.

गावच्या सोसायटीने सभासदत्वच नाकारले असल्यास महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे तिने कारणांसह निर्णय कळवला पाहिजे. तीन महिन्यांत काहीच न कळवल्यास अर्जदार सभासद झाला असे मानले जाते. नकाराविरुद्ध निबंधकाकडे अपील करता येते.

ज्यांच्या नावावर जमीन नाही

बटाईने किंवा खंडाने जमीन कसणाराही किसान क्रेडिट कार्डासाठी पात्र आहे. अशा ४ ते १० शेतकऱ्यांनी मिळून संयुक्त देयता गट केल्यास परस्परांच्या हमीवर बँकेकडे कर्ज मागता येते. घरातील स्त्री बचत गटात असेल, तर गटामार्फत मिळणारे कर्जही तातडीच्या गरजेस उपयोगी पडते. रक्कम अपुरी असल्यास सगळे क्षेत्र उसनवारीने पेरण्यापेक्षा घरचे बियाणे उगवणशक्ती तपासून वापरावे व खर्चाचे पीक थोड्या क्षेत्रात घ्यावे, हे हिताचे होय.

खरेदीखत करून देऊ नये

‘पैसे फेडताच जमीन परत करू’ या तोंडी शब्दावर खरेदीखत कधीही नोंदवू नये. कोऱ्या कागदावर सही अथवा अंगठाही देऊ नये. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ अन्वये परवान्यावाचून सावकारी करणे गुन्हा आहे. जमीन अशा रीतीने अडकली असल्यास तालुक्याच्या सहाय्यक निबंधकाकडे किंवा जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करावा. चौकशीअंती व्यवहार सावकारीचा ठरल्यास जमीन परत देण्याचा आदेश होऊ शकतो. तथापि सिद्ध करण्याचे काम वेळ घेते; म्हणून आधीच सावध राहणे बरे.

कार्यकर्त्याचे काम

गावपातळीवरील कार्यकर्त्याने चैत्र-वैशाखातच गावात कोणाचे कर्ज अडले आहे याची यादी करावी, प्रत्येकाचे कारण समोर लिहावे आणि वारसनोंद, बेबाकी दाखला व अर्ज यांसाठी एकेक दिवस नेमून ती कामे करवून घ्यावीत. अर्ज लिहिता न येणाऱ्यास तो लिहून द्यावा. पाऊस पडण्यापूर्वी एका कुटुंबाचा कागद जरी दुरुस्त झाला, तरी त्या कुटुंबाची जमीन सावकाराच्या दारी जाण्यापासून वाचू शकेल.