एकाच रक्ताचे दोन आकडे

माझी आई मूत्रपिंडाच्या विकाराने रुग्णालयात होती. सोमवारी तिच्या रक्तातील अल्ब्युमिन २७ आले. बुधवारी दुसऱ्या प्रयोगशाळेने २२ सांगितले. धाकटा भाऊ घाबरून म्हणाला, "ताई, दोन दिवसांत आई इतकी खालावली!" घरात रडारड झाली. डॉक्टरसाहेबांनी दोन्ही कागद पाहिले व म्हणाले, "बाई, आजार वाढलेला दिसत नाही. मोजण्याची रीत बदलली आहे."

अल्ब्युमिन हे यकृतात तयार होणारे प्रथिन. ते रक्तातील पाणी नसांमध्ये धरून ठेवते. ते फार कमी झाले की पायांवर सूज येते. निरोगी माणसात ते दर लिटरला साधारण ३५ ते ५० ग्रॅम असते.

ते मोजण्यासाठी बहुधा रंग वापरतात. ब्रोमोक्रेसॉल ग्रीन हा रंग अल्ब्युमिनला चिकटला की पिवळ्याचा निळसर हिरवा होतो. जितका रंग गडद, तितके अल्ब्युमिन जास्त. ही रीत स्वस्त व झटपट आहे; पण हा रंग दुसऱ्या काही प्रथिनांनाही चिकटतो. वर्गात हजेरी न घेता केवळ गणवेश पाहून मुले मोजली, तर शेजारच्या वर्गातली मुलेही मोजली जातील, तसेच हे! गंभीर आजारात शरीरात दाह असतो. तेव्हा अल्ब्युमिन घटते आणि नेमकी ती दुसरी प्रथिने वाढतात. म्हणजे रोगी जितका गंभीर, तितका हा आकडा खोटा धीर देऊ शकतो.

ब्रोमोक्रेसॉल पर्पल हा दुसरा रंग अधिक चोखंदळ आहे. मात्र मूत्रपिंडे निकामी झाली असता रक्तात साचलेले पदार्थ त्याची जागा अडवतात व आकडा थोडा कमी येतो. तिसरी रीत प्रतिपिंडांची. ती नाव पुकारून हजेरी घेण्यासारखी. सत्याच्या अधिक जवळ, पण महाग.

हा केवळ प्रयोगशाळेतला वाद नव्हे. मूत्रपिंडाच्या एका विकारात अल्ब्युमिन फार घटले की रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. त्यासाठी औषध द्यावे की नाही, हे ठरवताना हा आकडाही पाहतात. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे की पहिल्या रंगाने आलेले २५ म्हणजे दुसऱ्या रंगाने किंवा प्रतिपिंडांनी आलेले २०. रीत ठाऊक नसेल, तर निर्णय चुकू शकतो.

आपल्या मॉरिशसमध्ये मधुमेह पुष्कळ घरांत आहे, आणि त्याच्या मागून मूत्रपिंडाचे दुखणे येते. म्हणून शक्यतो एकाच प्रयोगशाळेत तपासणी करावी. जुने कागद तारखेप्रमाणे जपून ठेवावेत. आकडा एकदम बदलला तर आधी विचारावे, "साहेब, रीत तीच आहे ना?" आणि आकडा कमी दिसला म्हणून आपल्या मनाने रोग्याला अंडी व डाळ भरवू नये. गंभीर आजारात अल्ब्युमिन केवळ खाण्याअभावी घटत नाही.

भावाने आता आईचे सगळे कागद एका वहीत चिकटवले आहेत. प्रत्येक आकड्यापुढे तो प्रयोगशाळेचे नाव आणि रीत लिहितो.