प्रास्ताविका पाठ झाली, पुढे काय?

मी इतवारीतून बोलतोय. मागे हातगाड्यांचा खडखडाट ऐकू येईल, तेवढं सांभाळून घ्या. आजचा प्रश्न : चांगलं वागणं शाळेत शिकवता येतं का?

मूल्यशिक्षण म्हटलं की आपल्याला सुविचाराचा फळा आठवतो. वाचला, वहीत उतरवला, संपलं. पण आपल्या नागपूर जिल्ह्यात एक वेगळी गोष्ट घडली. २००५ मध्ये तेव्हाचे जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी ई. झेड. खोब्रागडे यांनी शाळांमध्ये संविधानाच्या प्रास्ताविकेचं वाचन सुरू केलं. केंद्राने संविधान दिन जाहीर केला २०१५ मध्ये, म्हणजे दहा वर्षांनी! पुढे २६ जानेवारी २०२० पासून राज्यातल्या सगळ्या शाळांच्या परिपाठात हे वाचन सक्तीचं झालं.

प्रास्ताविकाच का? बघा, इतवारीतल्या एखाद्या वर्गात किराणा व्यापाऱ्याचा मुलगा, दागिने घडवणाऱ्या कारागिराची मुलगी आणि हमालाचं पोरगं एका बाकावर बसू शकतात. प्रत्येकाच्या घरचे संस्कार वेगळे. मग शाळेने कुणाच्या घरचे शिकवायचे? न्याय, स्वातंत्र्य, समानता, बंधुता हे चार शब्द मात्र सगळ्यांचे आहेत.

पण पाठ होणं वेगळं आणि अंगात मुरणं वेगळं. इथे 'मूल्यवर्धन' हा कार्यक्रम बघण्यासारखा आहे. शांतिलाल मुथ्था फाउंडेशनने तो २००९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांमधून सुरू केला. त्यात उपदेश कमी. मुलं जोडीत, गटात बोलतात, खेळतात, वर्गाचे नियम मिळून ठरवतात.

याने फरक कसा पडतो? समजा, शाळेत खिचडीची रांग लागलीय आणि दांडगी पोरं रोज मध्ये घुसतात. सर ओरडले की पोरं सरांना घाबरतात. सरांची पाठ वळली की पुन्हा तेच! त्याऐवजी सरांनी विचारलं, "शेवटी उभं राहणाऱ्याला काय वाटत असेल? काय नियम करायचा?" मग चर्चा होते, भांडण होतं, नियम ठरतो. आपणच केलेला नियम मोडताना मन खातं. 'समानता' हा शब्द त्या पोराला तिथे, हातात ताट असताना कळतो.

अट एकच : नियम सरांनाही लागू. उशिरा आलेल्या पोराला बाहेर उभं करायचं आणि स्वतः उशिरा येऊन काहीच बोलायचं नाही, हे मुलं बरोब्बर टिपतात.

इतवारीकरांना मारबत काय सांगायची! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण ईडापीडा गावाबाहेर नेऊन जाळतो, बडग्यांवर भ्रष्टाचाराचा, महागाईचा राग काढतो. त्यात मजा आहेच. पण तिथे चूक नेहमी दुसऱ्याची असते. शाळेतल्या त्या रांगेत मात्र पोराला विचारावं लागतं, "मी काय करतोय?" ही सवय दहाव्या वर्षी लागली, तर पुढे गल्ल्यावर बसतानाही कामी येते.

तुमच्या शाळेत नियम कोण ठरवायचं? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकू. भेटूया!